पहिलटकरणीचं घड्याळ

प्रसूतिगृहाच्या बाहेर बाकड्यावर बसलेल्या माणसांचा प्रश्न एकच असतो, "अजून किती वेळ?" नर्स बाहेर आली की आई आणि सासू दोघी उठून उभ्या राहतात. "तीन सेंटिमीटर" असं उत्तर मिळतं. तासाभरानं पुन्हा विचारलं तरी तीनच. मग कुजबुज सुरू होते : शेजारच्या खाटेवरची तर हिच्या मागून आली आणि मोकळीही झाली, हिचंच का अडलंय? बहुतेक वेळा काहीच अडलेलं नसतं. शेजारची दुसऱ्या खेपेची असते आणि ही पहिलटकरीण.

पहिल्या बाळंतपणाला वेळ लागतो, हे जुन्या सुईणींना ठाऊक होतं आणि आजच्या डॉक्टरांनाही ठाऊक आहे. तरीही हाच वेळ सगळ्यांना सर्वांत जास्त घाबरवतो. त्या वेळात शरीर नेमकं काय करत असतं, तो मोजायला कुणी आणि कसं सुरू केलं आणि तो सुसह्य कशानं होतो, हे या प्रकरणात पाहू.

तारीख आणि कळा

कार्डावर लिहिलेली तारीख म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस. या तारखेलाच जन्मणारी बाळं शंभरात जेमतेम चार-पाच. ३७ आठवडे पूर्ण झाले की दिवस भरले असं धरतात, आणि पहिलं बाळ तारखेच्या थोडं पुढे जाणं हे नेहमीचंच. तेव्हा "तारीख उलटली" म्हणून घरात धावपळ करण्याचं कारण नसतं. मात्र तारखेनंतर तपासणी चुकवायची नाही आणि बाळाच्या हालचालींवर लक्ष ठेवायचं.

पहिलटकरणीचं पोट बऱ्याचदा तारखेच्या दोन-तीन आठवडे आधीच खाली उतरतं. बाळाचं डोकं ओटीपोटाच्या हाडांत शिरलेलं असतं. श्वास मोकळा होतो, लघवीला मात्र सारखं जावं लागतं. याच दिवसांत खोट्या कळा येतात. पोट कडक होतं आणि सैल पडतं, पण त्यात ठरावीक अंतर नसतं. थोडं चालल्यावर किंवा कुशीवर पडल्यावर त्या विरतात. खऱ्या कळा विरत नाहीत. त्या बहुधा कमरेतून सुरू होऊन पोटाकडे येतात, दोन कळांमधलं अंतर कमी होत जातं आणि जोर वाढत जातो. लालसर, चिकट स्राव दिसणं ही गर्भाशयाचं तोंड सैल होऊ लागल्याची खूण असते.

सगळं ठीक असलेल्या पहिलटकरणीनं घरातून कधी निघावं? साधारण नियम असा : दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणारी कळ, आणि हे तासभर चालू. दवाखाना लांब असेल तर अर्थातच त्याआधी. पावसाळ्यात रस्ता तुटणाऱ्या आदिवासी भागांत म्हणूनच 'माहेरघर' योजना आहे. तिथे दिवस भरत आलेली बाई आरोग्य केंद्राजवळच येऊन राहते. काही वेळा मात्र घड्याळ बघतच बसायचं नाही. पाणमोट फुटली, पाणी हिरवट आलं, रक्त जाऊ लागलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, ताप चढला, झटका आला, किंवा ३७ आठवड्यांच्या आधीच कळा सुरू झाल्या, तर कळांचं अंतर न मोजता तडक निघायचं.

पहिल्याच खेपेला इतका वेळ का?

गर्भाशय म्हणजे स्नायूंची जाड पिशवी. तिचं तोंड नऊ महिने घट्ट मिटलेलं असतं. तीन-चार सेंटिमीटर लांबीची ती टणक नळी असते. कळ येते तेव्हा पिशवीच्या वरच्या भागातले स्नायू आखडतात. कळ ओसरल्यावर ते सैल पडतात, पण पूर्वीइतके लांब होत नाहीत. दर वेळी किंचित आखूडच राहतात. त्यामुळे वरचा भाग जाड होत जातो, खालचा ताणून पातळ होतो आणि तोंड वर ओढलं जातं. बाळाच्या डोक्यावरून झबलं घालताना गळा जसा ताणत ताणत खाली सरकवतो, तसंच हे, फक्त इथे गळाच वर ओढला जातो.

दुसऱ्या खेपेला नळी आखूड होणं आणि तोंड उघडणं ही दोन्ही कामं बरोबरीनं चालतात. पहिल्या खेपेला ती बहुधा एकामागून एक होतात. आधी नळी आखूड होऊन कागदासारखी पातळ होते, मग तोंड उघडतं. तीन सेंटिमीटरवर तासन् तास थांबलेल्या पहिलटकरणीच्या शरीरात बरंच काम झालेलं असतं, पण ते सेंटिमीटरच्या आकड्यात दिसत नाही. तपासताना डॉक्टर तोंड किती उघडलं याबरोबर ते किती पातळ झालं, डोकं किती खाली आलं हेही बघतात. बाहेर बसलेल्यांना मात्र एकच आकडा कळतो.

दोन कळांमधली उसंतही कामाचीच असते. कळ चालू असताना वारेकडे जाणारा रक्तपुरवठा कमी होतो आणि सैल पडल्यावर पूर्ववत होतो. बाळ त्या मधल्या वेळात प्राणवायू भरून घेतं. कळा वाढवण्याचं औषध सलाईनमधून देताना थेंब मोजून सोडतात आणि बाळाचे ठोके पुनःपुन्हा ऐकतात ते याचसाठी. कळांवर कळा आल्या आणि मधली उसंत उरली नाही, तर बाळ दमतं.

सेंटिमीटरचं गणित

बाळंतपणाला 'किती वेळ बरोबर' हे आलेखावर मांडण्याचं काम न्यूयॉर्कच्या इमॅन्युएल फ्रीडमन यांनी केलं. १९५५ मध्ये त्यांनी ५०० पहिलटकरणींच्या प्रसूतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. आडव्या अक्षावर तास आणि उभ्या अक्षावर सेंटिमीटर घेतल्यावर सुरुवातीला जवळजवळ सपाट जाणारी आणि मग एकदम चढणारी रेषा मिळाली. पुढची अनेक दशकं जगभरच्या प्रसूतिकक्षांत हीच रेषा मापदंड ठरली. पण त्या ५०० बायका त्यांच्या काळातल्या होत्या. अनेकींना गुंगीची औषधं दिलेली होती आणि निम्म्याहून अधिक जणींचं बाळ चिमटा लावून काढलेलं होतं.

१९७२ मध्ये ह्यू फिलपॉट आणि कॅसल यांनी तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, या आलेखाला वेगळं काम दिलं. गावोगावच्या केंद्रांत सुईणी बाळंतपणं करत आणि मोठं रुग्णालय लांब होतं. पहिलटकरणीला वेळेत पुढे कधी पाठवायचं, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता. त्यांनी ताशी एक सेंटिमीटर वेगाची सावधतेची रेषा आखली आणि तिच्या चार तास उजवीकडे कृतीची रेषा. पहिली रेषा ओलांडली की गाडी बोलवा, पोहोचेपर्यंत मधले तास हाताशी आहेत, अशी ती रचना होती. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं हा 'पार्टोग्राफ' जगभर नेला. पण पाठवणीसाठी आखलेली ही रेषा अनेक ठिकाणी घाई करण्याचं कारण बनली. तासाला सेंटिमीटर झाला नाही की पाणमोट फोडा, सलाईन लावा, नाहीतर सिझेरियनची तयारी करा.

अमेरिकेतल्या १९ रुग्णालयांतल्या ६२ हजारांहून अधिक बायकांच्या नोंदी २०१० मध्ये अभ्यासल्या गेल्या, तेव्हा चित्र बदललं. बाळ सुखरूप झालेल्या बायकांनाही चारवरून पाच सेंटिमीटरवर यायला सहा तासांहून जास्त लागू शकतात आणि पाचवरून सहावर यायला तीन तासांहून जास्त, असं दिसलं. सहानंतर मात्र वेग वाढतो. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आपले निकष बदलले. सक्रिय प्रसूती आता पाच सेंटिमीटरपासून मोजतात. तिथून तोंड पूर्ण उघडेपर्यंतचा पहिला टप्पा पहिलटकरणीत सहसा १२ तासांच्या आत आणि नंतरच्या खेपांत १० तासांच्या आत पुरा होतो. पाचपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ बाईगणिक इतका बदलतो की त्याला ठरावीक मर्यादाच घातलेली नाही. ताशी एक सेंटिमीटरची गती नाही एवढ्याच कारणावरून हस्तक्षेप करू नये, असंही त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

याचा अर्थ कितीही वेळ थांबावं असा होत नाही. बाळाचे ठोके बिघडले, आईला ताप आला, डोकं हाडांत अडून सुजू लागलं किंवा पुरेशा जोराच्या कळा असूनही तोंड उघडायचं थांबलं, तर सिझेरियन जीव वाचवतं. प्रश्न विनाकारण केलेल्या पहिल्या सिझेरियनचा आहे, कारण पुढच्या प्रत्येक बाळंतपणाचा मार्ग त्यावर ठरतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशात २१.५ टक्के आणि महाराष्ट्रात २५.४ टक्के प्रसूती सिझेरियननं झालेल्या दिसतात. देशभरातल्या खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के होतं.

दुखणं आणि त्यावरचा उतारा

सुरुवातीच्या कळांचं दुखणं गर्भाशयाचं तोंड ताणलं जाण्याचं असतं. ते ओटीपोटात, कमरेत, कधी मांड्यांत जाणवतं आणि नेमकं बोट ठेवून सांगता येत नाही. बाळ खाली येऊ लागलं की दुखण्याची जात बदलते. ते खाली, एका जागी, जळजळीसारखं येतं आणि त्याबरोबर शौचाला लागल्यासारखी जोर करण्याची अनावर इच्छा होते. अनेक पहिलटकरणी या क्षणी लाजून गप्प बसतात. खरं तर नर्सला ताबडतोब सांगायची गोष्ट हीच.

उताणं पडून राहिल्यानं कळा सोप्या जात नाहीत. पहिल्या टप्प्यात चालत-फिरत, बसत, ओणवं होत राहिलेल्या बायकांचा हा टप्पा झोपून राहिलेल्यांपेक्षा सरासरीनं तासाभराहून अधिक लवकर आटोपतो, असं अनेक चाचण्या एकत्र अभ्यासल्यावर दिसलं. कमरेवर तळव्यानं दाब देणं, शेक, लांब श्वास सोडणं यांनी दुखणं थांबत नाही, पण सोसवतं. पाण्याचे घोट घेत राहावेत आणि लघवी तुंबू देऊ नये, कारण भरलेलं मूत्राशय बाळाच्या वाटेत येतं. ज्यांना हवं आणि जिथे सोय आहे तिथे पाठीच्या मणक्यातून एपिड्युरल देता येतं. त्यामुळे जोर करण्याचा टप्पा काहीसा लांबू शकतो, पण सिझेरियनची शक्यता वाढत नाही. एपिड्युरल मागितलं म्हणून कुणाचं आईपण उणं ठरत नाही.

सोबतीला कोण?

ग्वाटेमालातल्या एका सरकारी रुग्णालयात केलेला आणि १९८० मध्ये प्रसिद्ध झालेला छोटा प्रयोग गाजला. तिथे पहिलटकरणी कळांच्या काळात एकट्याच असत. काही जणींजवळ एक अनोळखी, पण मायेनं बोलणारी बाई सतत बसवली. पाठ चोळायची, हात धरायचा, धीर द्यायचा, एवढंच तिचं काम. गुंतागुंत न झालेल्या बायकांमध्ये सोबत असलेल्यांना दाखल झाल्यापासून सुमारे ९ तास लागले, तर एकट्या असलेल्यांना सुमारे १९.

आकडा चकित करणारा होता आणि पुढच्या मोठ्या अभ्यासांत तो टिकला नाही. १७ देशांतल्या १५ हजारांहून अधिक बायकांवरच्या २६ चाचण्या २०१७ मध्ये एकत्र तपासल्या, तेव्हा सतत सोबत असल्यानं वाचलेला वेळ सरासरीनं जेमतेम चाळीस मिनिटं निघाला. पण बाकीचे फायदे टिकले. नैसर्गिक प्रसूतीचं प्रमाण वाढलं, सिझेरियन कमी झालं, वेदनाशामकांची गरज घटली आणि 'माझा अनुभव वाईट होता' असं सांगणाऱ्या बायका कमी निघाल्या. सोबतीनं घड्याळ फारसं पुढे सरकत नाही. तेच तास वेगळे जातात.

भारताच्या आरोग्य मंत्रालयानं २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीणीला परवानगी दिली. शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली, संसर्गजन्य आजार नसलेली घरची बाई असावी आणि तिनं उपचारांत ढवळाढवळ करू नये, अशा अटी आहेत. २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात प्रसूतिकक्षातली आदराची वागणूक हाही गुणवत्तेचा भाग धरला गेला. त्याची गरज होतीच. कळांत ओरडणाऱ्या बाईला दरडावणं, मांडीवर चापट मारणं, "तेव्हा नाही वाटलं का?" असं हिणवणं, हे आपल्याकडच्या कितीतरी बायकांनी सोसलेलं आहे.

वळणावळणाची वाट

तोंड दहा सेंटिमीटर उघडलं की ते पूर्ण उघडलं असं म्हणतात, आणि हा आकडा बाळाच्या डोक्याला धरून आहे. हनुवटी छातीला टेकवून खाली येणाऱ्या डोक्याचा वाटेत येणारा घेर सर्वांत लहान असतो, साधारण साडेनऊ सेंटिमीटर रुंदीचा. मान ताठ करून, कपाळ पुढे केलं तर हीच रुंदी तेरापुढे जाते.

हाडांची पोकळी सरळ नळी नसते. शिरताना ती आडवी रुंद असते, साधारण १३ सेंटिमीटर, आणि पुढून मागे ११. बाहेर पडण्याच्या टोकाला प्रकार उलटा, पुढून मागे जास्त जागा. म्हणून बाळ शिरताना आडवं तोंड करून शिरतं, मग वळून आईच्या पाठीकडे तोंड करतं आणि डोकं बाहेर आल्यावर खांद्यांसाठी पुन्हा कुशीकडे वळतं. कवटीची हाडं जुळलेली नसल्यानं ती एकमेकांवर सरकून डोकं निमुळतं होतं. जन्मल्यावर लांबुडकं दिसणारं ते डोकं काही दिवसांत आपोआप गोल होतं. बाळाचं तोंड आईच्या पोटाकडे राहिलं तर कंबर फार दुखते आणि वेळही वाढतो.

या दुसऱ्या टप्प्याला पहिलटकरणीत तीन तासांपर्यंत लागू शकतात. जोर येईल तेव्हाच करावा. तोंड पूर्ण उघडण्याआधी "जोर कर, जोर कर" म्हणणाऱ्यांच्या घोळक्यात बाई नुसती दमते. डोकं दिसू लागल्यावर उलट जोर आवरून, फुंकर घातल्यासारखा श्वास सोडायचा असतो, म्हणजे कातडीला ताणायला अवधी मिळतो. पहिल्या खेपेला थोडंफार फाटणं आणि काही टाके पडणं नेहमीचं आहे. पण पहिलटकरीण आहे म्हणून सरसकट छेद द्यावा, ही जुनी पद्धत आता शिफारशीत नाही.

बाळ झालं, बाळंतपण बाकी आहे

बाळ रडलं की बाहेर पेढ्यांची चर्चा सुरू होते. आईसाठी मात्र सर्वांत धोक्याचा काळ आता असतो. दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त वाहत असतं. वार सुटल्यावर तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात आणि आखडलेले स्नायूच त्यांना आवळून बंद करतात. गर्भाशय आखडलं नाही तर काही मिनिटांत जीव धोक्यात येतो. म्हणून बाळ होताच आईला ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन देतात, वार अखंड निघाली का हे तपासतात आणि बेंबीजवळ हात ठेवून गर्भाशय टणक झालं का बघतात. हे संप्रेरक शरीरात मुळातच असतं. व्हिन्सेंट दु विन्यो यांनी त्याची रचना उलगडून ते प्रयोगशाळेत बनवलं आणि त्यांना १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

गेलेलं रक्त डोळ्यांच्या अंदाजानं बहुधा कमी भरतं. आफ्रिकेतल्या चार देशांतल्या ८० रुग्णालयांत केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बाळंतिणीखाली मोजपट्टी असलेली प्लॅस्टिकची झोळी ठेवली आणि जास्त रक्तस्राव दिसताच सगळे उपचार एकदम सुरू केले. गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. महाराष्ट्रात २०१९–२१ च्या पाहणीत ९४.७ टक्के प्रसूती दवाखान्यात झालेल्या दिसल्या आणि २०१८–२० मध्ये लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू नोंदले गेले. देशाचा आकडा तेव्हा ९७ होता. या फरकात या पहिल्या तासातल्या कामाचाही वाटा आहे.

बाळ ठीक असेल तर नाळ कापायची मिनिटभर तरी घाई नको, म्हणजे वारेतलं रक्त बाळाला मिळतं. पुसून कोरडं केलेलं बाळ उघड्या छातीवर ठेवायचं. तिथे ते उबदार राहतं आणि तासाभरात चोखू लागतं. पहिलं पिवळसर, दाट चीकदूध थेंबभरच येतं, पण बाळाचं पोटही तेवढंच असतं. बाळ चोखतं तेव्हा आईच्या शरीरात पुन्हा ऑक्सिटोसिन सुटतं आणि पोटात कळ येऊन गर्भाशय आणखी आवळतं.

मायेचा पाझर त्याच क्षणी फुटलाच पाहिजे असं नाही. थकव्यानं, धक्क्यानं, कधी नुसत्या सुन्नपणानं अनेक आया बाळाकडे बघत राहतात. जिव्हाळा दिवसागणिक वाढतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कारण नसताना रडू येणं सर्रास आढळतं आणि ओसरतंही. पण दोन आठवड्यांनंतरही मन उदासच राहिलं, झोप उडाली, बाळ नकोसं वाटू लागलं, तर ते नखरे समजू नयेत. तो उपचारानं बरा होणारा आजार आहे.

कागदावर काय हवं?

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करतात. त्यात आईचा हात जवळ असतो, पण तपासण्या एका गावात आणि प्रसूती दुसऱ्या गावात होते. नवा डॉक्टर तिला आयत्या वेळी पहिल्यांदा पाहतो. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात निघताना माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे आणि रक्ताचे अहवाल बरोबर घ्यावेत. माहेरच्या दवाखान्यात आधी एकदा जाऊन सोबतीण आत चालते का, रात्री डॉक्टर असतात का, रक्ताची आणि सिझेरियनची सोय तिथेच आहे का की पुढे पाठवतात, हे विचारून ठेवावं.

घरी सोडताना मिळणारा कागदही तितकाच महत्त्वाचा. कळा किती तास होत्या, छेद किंवा टाके होते का, रक्त जास्त गेलं का आणि सिझेरियन झालं असेल तर नेमकं कशामुळे, हे त्यावर लिहून मागावं. 'बाळ अडलं' एवढं पुरत नाही. किती सेंटिमीटरवर, किती वेळानं आणि कोणत्या कारणानं निर्णय झाला, यावर पुढच्या खेपेला नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करता येईल का हे ठरतं. सासरी परतताना बाळंतविड्याच्या पेटीत हा कागद आधी ठेवावा, कारण दुसऱ्या खेपेचा डॉक्टर पहिला प्रश्न पहिल्या खेपेबद्दलच विचारणार आहे.